कंपनीचं सिबिल कोरंच का राहतं? नेमकं कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवून वर्ष-दीड वर्ष उलटलं, जीएसटी रिटर्न वेळेवर जातात, करंट खात्यात उलाढाल बरी आहे, एखादं कर्जही फेडून झालं. तरी बँकेत लिमिट मागायला गेलं की उत्तर येतं, ‘कंपनीची हिस्ट्री नाही; संचालकांची हमी आणि घराचं तारण द्या.’ मग कुणीतरी आणखी दोन-तीन ठिकाणी अर्ज टाकायला सुचवतं. तिथूनही नकार येतो आणि रिपोर्टमध्ये नुसत्या चौकश्या (कर्जासाठी केलेल्या अर्जांच्या नोंदी) साठत जातात.

दोष शोधायला बसण्याआधी एवढं पक्कं धरा. कंपनीची क्रेडिट हिस्ट्री तयार व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. उधारी कंपनीच्या स्वतःच्या पॅनवर हवी, ती देणारी संस्था क्रेडिट ब्युरोची, म्हणजे कर्ज-परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीची, सभासद हवी आणि त्या संस्थेनं नोंद बरोबर कळवायला हवी. पुढची जवळजवळ प्रत्येक अडचण या तिन्हींपैकी काहीतरी निसटल्यामुळे येते.

काय मोजलं जातं आणि काय नाही

भारतात हे काम क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचा २००५ चा कायदा आणि रिझर्व्ह बँकेचे नियम यांखाली चालतं. परवाना असलेल्या कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सगळ्यांनाच ‘सिबिल’ म्हणतो, पण चौघींकडचे रिपोर्ट वेगवेगळे असतात आणि एकीकडची चूक दुसरीकडे असेलच असं नाही. त्यांना माहिती पुरवतात त्या बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्तसंस्था), सहकारी बँका अशा कर्ज देणाऱ्या संस्था.

माल देणारा व्यापारी या साखळीत नसतो. त्याचं बिल तुम्ही वर्षभर आठव्या दिवशी चुकतं केलंत तरी ब्युरोकडे त्याची ओळही जात नाही. इंटरनेटवर वाचलेले अमेरिकी सल्ले इथे फसतात ते यामुळेच. तिकडे सप्लायरकडून ‘नेट ३०’ खाती (तीस दिवसांच्या उधारीची) उघडायची, ईआयएन हा तिकडचा कर क्रमांक घ्यायचा, डन अँड ब्रॅडस्ट्रीट या ब्युरोचा पेडेक्स स्कोअर वाढवायचा, असा क्रम सांगतात, कारण तिकडे सप्लायरकडच्या भरण्याची माहिती गोळा होते. आपल्याकडे त्याच ब्युरोचा नऊ आकडी डन्स क्रमांक परदेशी ग्राहकांसाठी किंवा काही परदेशी कंपन्यांकडे नोंदणी करताना उपयोगी पडतो. बँकेतली लिमिट त्यावर ठरत नाही.

जीएसटी रिटर्न, करंट खात्यातली शिल्लक, वीजबिल, भाडं, संचालकानं कंपनीला दिलेलं बिनव्याजी कर्ज, यांपैकी काहीच ब्युरोच्या रिपोर्टमध्ये उधारी म्हणून दिसत नाही. बँक अर्ज तपासताना हे सगळं पाहते, त्यामुळे त्याचं महत्त्व आहेच. पण अर्ज मंजूर होण्यासाठी लागणारी कागदपत्रं वेगळी आणि हिस्ट्री वेगळी.

रिपोर्ट कोरा येतो

आधी मंजुरीपत्र काढा. कर्जदार म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचा. ‘बिझनेस लोन’ म्हणून घेतलेली पुष्कळ कर्जं प्रत्यक्षात संचालकाच्या वैयक्तिक नावावर असतात आणि कंपनी फक्त सहअर्जदार असते, किंवा तीही नसते. हप्ते कंपनीच्या खात्यातून गेले म्हणून कर्ज कंपनीचं होत नाही.

मग त्या कागदावरचा पॅन बघा. पॅनचं चौथं अक्षर सगळं सांगतं: ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘एफ’ म्हणजे भागीदारी फर्म. चौथं अक्षर ‘पी’ असेल तर ती हिस्ट्री माणसाची झाली आणि ती कंपनीकडे वळवता येत नाही. प्रोप्रायटरशिप बंद करून कंपनी काढणाऱ्यांचं नेमकं इथेच बिनसतं. दहा वर्षं सांभाळलेलं सीसी (कॅश क्रेडिट) खातं मालकाच्या पॅनवर होतं. नवीन कंपनी ब्युरोच्या दृष्टीनं काल जन्मली. यावर एकच करण्यासारखं आहे. जुनं खातं बंद करायच्या आधीच त्याच बँकेकडे कंपनीच्या नावानं नवी लिमिट मागायची आणि जुन्या खात्याचे उतारे सोबत जोडायचे. ज्या शाखेनं तुमचा व्यवहार डोळ्यांनी पाहिला आहे तिथे या उताऱ्यांना वजन असतं.

ॲपवरून कर्ज घेतलं असेल तर ॲपचं नाव रिपोर्टमध्ये शोधू नका. खरी कर्ज देणारी संस्था मागे असलेली बँक किंवा एनबीएफसी असते आणि नोंद तिच्या नावानं पडते. १ ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांनाही मुख्य तथ्य विवरण (कर्जाच्या अटींचा गोषवारा) द्यावं लागतं. त्यात हे नाव असतं. अनोळखी एनबीएफसी दिसली म्हणून फसवणुकीची तक्रार करण्याआधी ते विवरण पाहून घ्या.

हे सगळं बरोबर असूनही रिपोर्ट कोरा असेल तर दिवस मोजा. २०२५ च्या सुरुवातीपासून कर्ज देणाऱ्या संस्थांनी किमान पंधरवड्याला एकदा माहिती द्यावी असा नियम आहे. पंधरवडा १५ तारखेला आणि महिनाअखेर संपतो, त्यानंतर सात दिवसांत माहिती ब्युरोकडे पोचायला हवी आणि ब्युरोनं ती पाच दिवसांत चढवायला हवी. म्हणजे २ तारखेला वाटप झालेलं कर्ज त्याच महिन्याच्या २७ तारखेपर्यंत दिसायला हवं. पहिल्या आठवड्यात रिपोर्ट काढून घाबरण्यात अर्थ नाही. दीड महिना उलटूनही दिसत नसेल तर मात्र गप्प बसू नका. बँकेच्या शाखेला लेखी विचारा की कर्ज कोणत्या पॅनवर, व्यावसायिक विभागात की वैयक्तिक विभागात, आणि कोणत्या तारखेला कळवलं. शाखेतला माणूस तोंडी ‘सिस्टीममधून आपोआप जातं’ म्हणेल. ते खरंही असतं, पण खातं उघडताना पॅनच्या जागी संचालकाचा पॅन टाकला गेला असेल तर चुकीचंच आपोआप जात राहतं.

वैयक्तिक रिपोर्ट प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. कंपनीचा रिपोर्ट मात्र विकत घ्यावा लागतो. तो खर्च टाळू नका, आणि पहिल्यांदा चारही ठिकाणचा घ्या.

अर्ज रिपोर्टपर्यंत पोचतच नाही

काही कंपन्यांचा अर्ज हिस्ट्री बघण्याआधीच बाजूला पडतो. कारण कच्ची कागदपत्रं.

सगळ्यांत जास्त राहून जातं ते आयएनसी-२०ए. भागभांडवल असलेल्या कंपनीनं नोंदणीपासून १८० दिवसांत हे व्यवसाय सुरू केल्याचं घोषणापत्र भरायचं असतं. कंपनी कायद्याच्या कलम १०-ए नुसार ते भरल्याशिवाय कंपनीला व्यवसायही सुरू करता येत नाही आणि कर्ज घेण्याचा अधिकारही वापरता येत नाही. प्रत्येक भागधारकानं शेअरचे पैसे कंपनीच्या खात्यात खरोखर भरल्याचा पुरावा, म्हणजे बँकेचा उतारा, सोबत लागतो. खातं उघडायला चार महिने गेले, मग एका भागधारकानं पैसे रोख दिले, मग उताऱ्यात नाव जुळेना, अशी ही गाडी अडते. त्यामुळे नोंदणी झाली की पहिल्या पंधरवड्यातच खातं उघडा आणि ज्याचे शेअर त्याच्याच खात्यातून पैसे भरा. मुदत टळली तर कंपनीला ५०,००० रुपये दंड, आणि जबाबदार संचालकांना दिवसाला १,००० रुपये, कमाल एक लाख.

पहिला ऑडिटर संचालक मंडळानं ३० दिवसांत नेमायचा असतो. वार्षिक सभेनंतर एओसी-४ (ताळेबंदाचा फॉर्म) तीस दिवसांत आणि एमजीटी-७ किंवा ७ए (वार्षिक विवरण) साठ दिवसांत जायला हवा. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये चढत जातात. पैशापेक्षा मोठं नुकसान असं की कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर ताळेबंद नसलेली कंपनी बँकेला चालू वाटत नाही.

दुसरी खोट नाव-पत्त्यातली. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि बँक खातं, पाचही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. कंपनीच्या नावात ‘अँड’ अक्षरांत आहे की चिन्हात, ‘प्रायव्हेट’ पूर्ण लिहिलंय की ‘प्रा.’, गाळा क्रमांक सगळीकडे आहे का, पिनकोड तोच आहे का. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. ती दहा अक्षरं कंपनीच्या पॅनशी जुळत नसतील तर जीएसटी अजून जुन्या प्रोप्रायटरशिपचाच चालू आहे. हे वाटतं त्यापेक्षा खूपदा आढळतं.

जागा बदलली की आयएनसी-२२ तीस दिवसांत, जीएसटीतला बदल पंधरा दिवसांत, आणि मग बँक, उद्यम, पॅन. क्रम हाच ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक ठिकाणी आधीचा कागद पुरावा म्हणून लागतो.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ती सरकारी साइट नव्हे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तो सूक्ष्म उद्योग, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत तो लघु. नवीन कंपनी बहुतेक वेळा पहिल्या गटात बसते आणि पुढे बिनतारण कर्जाच्या हमी योजनेसाठी हा कागद लागतोच.

उलाढाल आहे, पण बँकेला दिसत नाही

गल्ल्यावरचा क्यूआर कोड एकदा स्कॅन करून बघा. पैसे जमा होणार म्हणून ज्याचं नाव येतं ते कंपनीचं आहे की संचालकाचं? कंपनी झाल्यावरही जुना कोड तसाच राहतो, रोजची विक्री बचत खात्यात जमा होते आणि कंपनीच्या उताऱ्यात जीएसटीमध्ये दाखवलेल्या विक्रीच्या निम्मीही जमा दिसत नाही. बँक जीएसटीआर-३बी मधली विक्री, करंट खात्यातली जमा आणि आयकर विवरण शेजारी ठेवून पाहते. तिन्ही जुळत नसतील तर हिस्ट्री कितीही स्वच्छ असो, लिमिट कमी होते.

भांडवलाचंही तसंच. किमान भांडवलाची अट २०१५ मध्ये गेली, म्हणून दहा हजार रुपयांत कंपन्या निघतात आणि बाकीचे दहा-बारा लाख संचालक कर्ज म्हणून घालतात. ताळेबंदात मग स्वतःचे पैसे दहा हजार आणि देणी बारा लाख असं चित्र उभं राहतं. यावर दोन वाटा आहेत. त्यातली काही रक्कम शेअरमध्ये बदलून भांडवल वाढवायचं, किंवा बँकेचं कर्ज असेपर्यंत हे पैसे काढणार नाही असं हमीपत्र संचालकानं द्यायचं. अशा रकमेला बँका बहुधा भांडवलासारखंच धरतात. संचालकाचे पैसे त्याने स्वतः उसने घेतलेले नाहीत, असं लेखी घेऊन ठेवा आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत डीपीटी-३ (अशा घेतलेल्या रकमांचं विवरण) भरा.

खेळत्या भांडवलाची मागणी किती करायची याचा ढोबळ हिशोब सोपा आहे. पाच कोटींपर्यंतच्या लिमिटसाठी बँका नायक समितीची पद्धत वापरतात: अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के गरज, त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के तुमचे. ६० लाखांची उलाढाल दाखवत असाल तर १२ लाख लिमिट आणि ३ लाख स्वतःचे. उगाच २५ लाख मागितले की अर्ज फेटाळला जातो आणि चौकशीची नोंद मात्र राहते.

पहिली उधारी कोणती घ्यावी

हिस्ट्रीसाठी हिस्ट्री हवी, असा हा पेच वाटतो. पण कंपनीचं रेकॉर्ड शून्य असताना मिळू शकतील अशा तीन-चार गोष्टी आहेत.

सगळ्यांत सरळ म्हणजे कंपनीच्याच नावानं ठेवलेल्या मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट. पाच लाखांच्या ठेवीवर ७५ ते ९० टक्के, म्हणजे पावणेचार ते साडेचार लाखांची लिमिट मिळते. ठेव संचालकाच्या नावावर ठेवू नका. कर्जदार आणि ठेवीदार दोन वेगळे झाले की खातं कुणाच्या पॅनवर उघडायचं यात घोळ होतो. ही लिमिट व्यावसायिक उधारी म्हणून ब्युरोला कळवली जाते का, ते ठेव ठेवण्याआधी विचारून घ्या. मग ती वापरा. नुसती मंजूर करून बाजूला ठेवलेली लिमिट फारसं काही सांगत नाही. दर महिन्याला लाख-दीड लाख उचलायचे, गिऱ्हाइकाचे पैसे आले की भरायचे, आणि महिनाअखेर लागलेलं व्याज दोन दिवसांत जमा करायचं.

दुसरी गोष्ट वाहन किंवा यंत्राचं कर्ज, ज्यात ती वस्तूच तारण असते. इथे आरसी बुक आणि बिल दोन्ही कंपनीच्या नावानं हवं. आणि वाहनावरचा बोजाही (बँकेचा तारणहक्क) कंपनी मंत्रालयाकडे सीएचजी-१ फॉर्मनं ३० दिवसांत नोंदवायचा असतो. वाहनकर्ज देणारे याची आठवण करून देतीलच असं नाही, सीएलाच सांगून ठेवा.

तिसरी वाट सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या कर्जहमी योजनेतून बिनतारण लिमिट. या योजनेची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटी झाली आहे. हमी बँकेला मिळते, तुमचं देणं त्यानं माफ होत नाही, आणि हमीची फी दरवर्षी लागते. तरी घर गहाण न टाकता कंपनीच्या बळावर लिमिट मिळवण्याचा हा सगळ्यांत चांगला मार्ग आहे आणि शाखेत तो नाव घेऊन मागावा लागतो.

कंपनीचं क्रेडिट कार्ड घेताना देणं कुणाचं, कंपनीचं की कार्डधारकाचं, हे अर्जातच लिहिलेलं असतं. कार्डधारकाचं असेल तर कंपनीला त्याचा उपयोग नाही.

ट्रेड्स या बिलं विकण्याच्या ऑनलाइन मंचावर बिलं विकून पैसे लवकर मिळवता येतात आणि मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांनी ते जरूर करावं. तिथे खरेदीदारानं पैसे बुडवले तरी विक्रेत्याकडे वसुलीला येत नाहीत, म्हणजे ते तुमच्यावरचं कर्जच नव्हे. त्यातून रोकड मिळते, कर्जाचं रेकॉर्ड तयार होत नाही.

अर्ज एका वेळी एकाच ठिकाणी करा. केवळ हिस्ट्री नाही या एका कारणावरून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची कर्ज देणाऱ्यांना सूचना आहे. नकार आला तर कारण लेखी मागा. पुढच्या अर्जात काय दुरुस्त करायचं ते त्याशिवाय कळणार नाही.

हिस्ट्री आहे, पण रँक खराब

व्यक्तीचा स्कोअर ३०० ते ९०० असतो, जास्त तितका चांगला. कंपनीचा सिबिल एमएसएमई रँक १ ते १० असतो आणि इथे १ सगळ्यांत चांगला. ‘आठ आलाय, छान आहे’ म्हणून खूश होणारे संचालक असतात, म्हणून आधी हे तपासा.

मुदत कर्जात घसरण कुठून होते ते उघड आहे. रिझर्व्ह बँकेच्याच उदाहरणानं सांगायचं तर ३१ मार्चचा हप्ता त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत आला नाही की खातं त्याच दिवशी थकीत, एसएमए-० (एसएमए म्हणजे थकबाकीच्या इशाऱ्याच्या पायऱ्या). तरीही नाहीच आला तर ३० एप्रिलला एसएमए-१, ३० मेला एसएमए-२ आणि २९ जूनला एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. ‘दोन दिवस उशीर चालतो’ हा समज इथे महागात पडतो. ऑटो डेबिटच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खात्यात हप्ता आणि वर थोडी रक्कम असायलाच हवी. त्याच दिवशी सकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या चेकवर विसंबू नका.

सीसी आणि ओडी (ओव्हरड्राफ्ट) खात्यांत मात्र खरी गफलत होते, कारण तिथे हप्ता नसतो आणि सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं. आठ लाखांची सीसी लिमिट आहे असं धरा. तुम्ही सहा लाख उचललेत, म्हणजे दोन लाख शिल्लक, असं तुमचं गणित. पण बँक आठ लाख बघत नाही, ड्रॉइंग पॉवर बघते, म्हणजे हातातला माल आणि येणी पाहून ठरणारी उचलण्याची मर्यादा. या महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल १० लाखांचा आणि सप्लायरचं देणं ४ लाख. येणी सध्या बाजूला ठेवू. दहातून चार गेले सहा, त्यातून २५ टक्के मार्जिन (तुमचा स्वतःचा वाटा) वजा, राहिले साडेचार लाख. खातं दीड लाखानं वर गेलेलं आहे आणि ते तसंच ३० दिवसांपुढे राहिलं की एसएमए-१, ६० दिवसांपुढे एसएमए-२. एकही चेक परत गेला नाही, तरीही.

स्टेटमेंटच दिलं नाही तर आणखी वाईट. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर उचललेले पैसे अनियमित धरले जातात आणि ही स्थिती सलग ९० दिवस राहिली तर खातं एनपीए होतं. लिमिटचं वार्षिक नूतनीकरण मुदतीनंतर १८० दिवस रखडलं तरी तेच. खात्यात ९० दिवस काहीच जमा नाही, किंवा जमा आहे पण त्या काळात लागलेल्या व्याजाएवढीही नाही, तरी तेच. मुदत ठेवीवरच्या ओडीला पुरेसं मार्जिन असेपर्यंत यातून सूट आहे, म्हणूनही पहिली उधारी म्हणून ती बरी.

तेव्हा दर महिन्याच्या १० तारखेच्या आत, किंवा मंजुरीपत्रात असेल त्या तारखेला, स्टॉक स्टेटमेंट द्या आणि शाखेकडून पोच घ्या. ईमेलनं पाठवलं असेल तर ती ईमेल जपा. त्यानंतर बँकेनं लावलेली ड्रॉइंग पॉवर नेट बँकिंगवर पाहून आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडा. नूतनीकरणाची कागदपत्रं मुदत संपण्याच्या दोन महिने आधी दाखल करा. ऑडिट झालेला ताळेबंद नसेल तर तात्पुरता द्या, पण फाइल आत जाऊ द्या.

एकदा एनपीए झालं की थोडे पैसे भरून सुटका होत नाही. मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्यावरच खातं पुन्हा नियमित होतं, आणि त्या बँकेतली त्या कंपनीची सगळी खाती एकत्र एनपीए धरली जातात. एका वाहनाच्या हप्त्यापायी चांगली चाललेली सीसी अडकते ती अशी.

रोकड का आटते त्याचं मूळ बहुतेक वेळा गिऱ्हाइकाकडे असतं. उद्यममध्ये सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंद असेल तर कराराप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यापुढे बँक रेटच्या तिप्पट दरानं मासिक चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा म्हणजे हे सांगावं लागत नाही. हाच नियम तुमच्या छोट्या सप्लायरांना तुमच्याविरुद्धही लागू आहे, हेही ध्यानात असू द्या.

नोंदच चुकीची आहे

फेडलेलं कर्ज चालू दिसतं, दुसऱ्याच कंपनीचं कर्ज तुमच्या नावावर येतं, थकबाकीचे दिवस चुकीचे असतात. ब्युरोच्या साइटवर तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा, कारण ब्युरो स्वतःच्या मनानं नोंद बदलत नाही. संस्थेनं दुरुस्त माहिती पाठवावी लागते. सोबत खात्याचा उतारा, ना-देय दाखला आणि रिपोर्टमधलं चुकीचं पान जोडा. तक्रारीत एकच ओळ स्पष्ट लिहा: कोणतं खातं, आज काय दिसतं, काय दिसायला हवं.

तक्रार ३० दिवसांत निकाली निघायला हवी. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेसाठी, उरलेले ब्युरोसाठी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. म्हणून तक्रार क्रमांक आणि तारीख असलेली पोच सांभाळा. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १ सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोंविरुद्धच्या तक्रारीही तिथे घेतल्या जातात आणि त्याला फी नाही. ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही आणि चुकीची तुम्हाला फुकट दुरुस्त करून घेता येते.

त्याच जातीचा दुसरा सौदा म्हणजे जुनी, न वापरलेली कंपनी विकत घेणं. नोंदणीची तारीख जुनी मिळते, पण उधारी न घेतलेल्या जुन्या कंपनीचा रिपोर्टही कोराच असतो. वर तिच्या राहिलेल्या फॉर्मचे दंड, आयकराच्या नोटिसा आणि कधी दुसऱ्याची देणी तुमच्या गळ्यात पडतात.

संचालकांचं काय?

कंपनी कोरी असेपर्यंत बँक संचालकांच्या वैयक्तिक रिपोर्टवरच निर्णय घेते. एका संचालकाचं क्रेडिट कार्ड वर्षापूर्वी ‘सेटल’ झालेलं असेल तर ते अर्ज करण्याआधी घरातच बोलून घ्या. बँकेच्या टेबलावर कळलं की फार उशीर झालेला असतो. ‘सेटल्ड’ म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेलं. जमत असेल तर उरलेली रक्कम भरून ‘क्लोज्ड’ करून घ्या.

संचालकपदाचा राजीनामा दिला म्हणून वैयक्तिक हमी सुटत नाही. बँकेनं लेखी मुक्त करेपर्यंत माजी संचालक जामीनदारच राहतो आणि कंपनी थकली तर त्याच्यापर्यंत वसुली येते. भागीदार वेगळा होत असेल तर राजीनाम्याबरोबरच हमी बदलण्याचा अर्ज बँकेत द्या.

कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता गेला की ना-देय दाखला घ्या, ऑटो डेबिटचा आदेश रद्द करा आणि बोजा नोंदवलेला असेल तर सीएचजी-४ फॉर्म ३० दिवसांत भरा. हा फॉर्म राहिला की कर्ज फिटूनही कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर बोजा उघडाच दिसतो आणि पुढची बँक तिथेच थांबते. वाहन असेल तर आरटीओकडून आरसीवरची बँकेची नोंद काढून घ्या. महिन्याभरानं रिपोर्ट काढून ते खातं बंद, शिल्लक शून्य असं दिसतं का पाहा. आणि एकमेव चालू उधारी हीच होती, तर ती संपण्याआधीच छोटी ओडी लिमिट चालू करून ठेवा, म्हणजे रिपोर्टमध्ये खंड पडत नाही.